दुपारी फेल, संध्याकाळी ओके: एकच पॉइंट पुन्हा पुन्हा का अडतो

“सोळा नंबर परत फेल आहे.”

पॉइंट म्हणजे रेल्वेचा सांधा, गाडीला एका लाइनवरून दुसऱ्या लाइनवर नेणारा. स्टेशनच्या पॅनलवरून, म्हणजे पॉइंट आणि सिग्नल चालवायच्या फलकावरून, हा फोन आला की पुढचं सगळं ठरलेलं असतं. मेंटेनर आणि हेल्पर साइटवर धावतात, पॉइंट हलवणाऱ्या मशीनचं झाकण उघडतात, क्रँक हँडलने (हाताने फिरवायच्या दांड्याने) पॉइंट एकदा इकडे, एकदा तिकडे फिरवतात, स्लाइड चेअरवर (हलता रूळ ज्यावरून सरकतो त्या बैठकीवर) तेल मारतात आणि एएसएमना, म्हणजे सहायक स्टेशन मास्तरांना, पॅनलवरून चालवून बघायला सांगतात. चालतो. रजिस्टरमध्ये ‘ऍडजस्ट केला, ओके’ अशी ओळ पडते. चार दिवस जातात आणि पुन्हा तोच फोन, तोच पॉइंट, बहुतेक वेळा तीच वेळसुद्धा.

ही पोस्ट त्या दुसऱ्या, तिसऱ्या फोनसाठी आहे. एकदाच फेल झालेल्या पॉइंटचं कारण सहसा समोर पडलेलं असतं: फटीत अडकलेली खडी, उडालेला फ्यूज, तुटलेली वायर. वरचेवर फेल होणारा पॉइंट मात्र आपण पोचेपर्यंत बरा झालेला असतो, आणि तिथेच घोटाळा होतो. मी सिग्नल खात्यातलाच आहे, तरी म्हणतो: असा पॉइंट दहातल्या बहुतेक वेळा ट्रॅकमध्ये बिघडलेला असतो आणि आपण तो मशीनमध्ये दुरुस्त करत बसतो.

सांध्यात नेमकं होतं काय

जाणकारांनी हा भाग ओलांडून पुढे जावं. नवीन हेल्पर, परीक्षेची तयारी करणारी मुलं आणि ‘सांध्यातील बिघाडामुळे वाहतूक विस्कळीत’ ही बातमी वाचून वैतागणारे प्रवासी यांच्यासाठी थोडक्यात.

गाडीला स्टिअरिंग नसतं. चाकाच्या आतल्या कडेला एक उभी धार असते, तिला फ्लँज म्हणतात. ही धार रुळाच्या आतल्या अंगाला टेकून चाकाला वळवते. सांध्यात बाहेरच्या बाजूचे दोन रूळ, म्हणजे स्टॉक रेल, जागचे हलत नाहीत. त्यांच्या आत दोन टंग रेल असतात, टोकाकडे तासून पातळ केलेल्या. दोन्ही टंग रेल स्ट्रेचर बारने एकमेकींना जखडलेल्या असतात, त्यामुळे एक स्टॉक रेलला चिकटली की दुसरी आपसूक उघडते. चिकटलेल्या बाजूचं चाक टंग रेल नेईल तिकडे जातं, उघड्या बाजूच्या चाकाचा फ्लँज मधल्या फटीतून निघून जातो. पुढे एक रूळ दुसऱ्याला छेदतो तिथे क्रॉसिंग, आणि क्रॉसिंगच्या नाकावर चाकाने चुकीची बाजू धरू नये म्हणून समोरच्या रुळालगत चेक रेल. झालं.

आपल्याकडच्या १६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजवर स्टेशनातल्या लूप लाइनला (मुख्य लाइनच्या बाजूच्या लाइनला) नेहमी दिसतो तो १ इन १२ चा सांधा. म्हणजे क्रॉसिंगपाशी १२ मीटर पुढे जाताना रूळ १ मीटर बाजूला सरकतो. त्याची टंग रेल सुमारे १० मीटर लांब असते आणि त्यावरून लूपला जाताना सर्वसाधारणपणे ताशी ३० किलोमीटरची मर्यादा असते.

या दहा मीटरमधलं शेवटचं वीतभर टोक सगळ्यात धोक्याचं. ते स्टॉक रेलपासून सुटून राहिलं आणि गाडी समोरून आली, तर फ्लँज त्या फटीत शिरतो. म्हणून पॉइंट मशीनला तीन कामं लावलेली आहेत: टंग रेल हलवायची, जागेवर पोचली की लॉक करायची, आणि खरोखर पोचून लॉक झाली याची खात्री पॅनलला कळवायची. या तिसऱ्या कामाला डिटेक्शन म्हणतात. दोन्ही टंग रेलचे डिटेक्शन रॉड वेगवेगळे मशीनमध्ये येतात. दोन्ही आपापल्या खाचेत अचूक बसल्याशिवाय संपर्क जुळत नाही, आणि संपर्क जुळल्याशिवाय पॅनलवरचा दिवा स्थिर होत नाही, लुकलुकत राहतो. दिवा लुकलुकतोय तोवर त्या मार्गाचा सिग्नल पडणार नाही, म्हणजे गाडीला पुढे जायची खूण मिळणार नाही.

कसोटी किती कडक आहे बघा. टोकापासून १५० मिलिमीटरवर, टंग रेल आणि स्टॉक रेलच्या मध्ये ५ मिलिमीटर जाडीची पट्टी धरायची आणि पॉइंट चालवायचा. लॉक लागता कामा नये, डिटेक्शन येता कामा नये, आणि मोटर जळू नये म्हणून फ्रिक्शन क्लच घसरला पाहिजे. याला ऑब्स्ट्रक्शन टेस्ट म्हणतात. थोडक्यात, पॉइंट ‘फेल’ होतो तेव्हा बऱ्याचदा मशीन आपलं काम चोख करत असतं. त्याला काहीतरी पटलेलं नसतं, एवढंच.

निघण्याआधी फोनवरच विचारायचं

‘फेल आहे’ एवढं ऐकून सायकलवर टांग टाकू नका. एएसएमना विचारा, “साहेब, पॉइंट मारल्यावर मीटरचा काटा हलला का?” पॉइंटच्या करंटचा मीटर जिथे असेल तिथे तो बघायला अर्धा मिनिट लागतो, आणि शोधायची जागा तीनपैकी एकावर येते.

काटा हललाच नाही, तर मोटरपर्यंत वीज पोचलेली नाही. इथे मशीन उघडण्यात अर्थ नाही, आधी रिले रूम, म्हणजे सिग्नलच्या रिलेंची खोली. पॉइंटचा ट्रॅक सर्किट (रुळावर गाडी आहे का ते ओळखणारा) खाली आहे का? तो खाली असला की ‘इथे गाडी उभी आहे’ असं समजून यंत्रणा पॉइंट हलूच देत नाही, आणि ते बरोबरच आहे. क्रँक हँडलची चावी जागेवर आहे का? फ्यूज? या प्रकारात वारंवार होणाऱ्या बिघाडाचं एक कारण मला गमतीशीर वाटतं. मशीनमध्ये क्रँक हँडल घातल्यावर मोटरची वीज तोडणारा एक कट-आउट संपर्क असतो. दर फेल्युअरला हँडल घालून काढून तोच संपर्क ढिला होतो, नीट बसत नाही आणि पुढचं फेल्युअर तयार होतं. म्हणजे मागच्या दुरुस्तीनेच पुढचा बिघाड घडवला.

काटा वर गेला आणि वरच राहिला, दहा-एक सेकंदांनी वीज कापली गेली, तर टंग रेल कुठेतरी अडली आहे किंवा लॉक खाचेत जात नाही. क्लच घसरतोय. घसरताना करंट नेहमीच्या दीडपट ते दुप्पट दिसायला हवा. त्याहून कमी असेल तर क्लच ढिला आहे, फार जास्त असेल तर कुणीतरी तो नको तितका आवळून ठेवलाय.

काटा वर गेला, चार-पाच सेकंदांत खाली आला आणि तरी दिवा लुकलुकतोय, तर मशीनने फेरा पूर्ण केला, पण डिटेक्शन मिळालेलं नाही. रॉड खाचेपासून केसभर हुकला, संपर्कावर काजळी बसली, केबलचं इन्सुलेशन उतरलं, रिलेची वायर ढिली झाली, यांपैकी काहीतरी. सगळ्यात जास्त छळणारे फेल्युअर याच गटातले.

क्रॉसओव्हर, म्हणजे दोन लाइन जोडणारी सांध्यांची जोडी, असेल तर अजून एक प्रश्न: १६ ‘ए’ की ‘बी’? पॅनलवर दोन्ही टोकांचा मिळून एकच दिवा असतो. दोघं मेंटेनर वेगवेगळ्या पाळीत दोन वेगवेगळी टोकं ‘ऍडजस्ट’ करून आल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत.

किती वाजता आणि कुठल्या बाजूला

साइटवर जाण्याआधीचं खरं काम रजिस्टरमध्ये आणि डाटा लॉगरमध्ये (यंत्रणेच्या नोंदी आपोआप ठेवणाऱ्या यंत्रात) असतं. त्या एका पॉइंटची मागची सगळी फेल्युअर एका कागदावर काढा. वेळ, नॉर्मलहून (सांध्याच्या नेहमीच्या स्थितीतून) रिव्हर्सला (दुसऱ्या स्थितीला) जाताना की रिव्हर्सहून नॉर्मलला येताना, पाऊस होता का, आणि लगेच आधी त्यावरून कुठली गाडी गेली होती. एवढे चार रकाने पुरतात. अर्ध्या वेळा कागद भरता भरताच उत्तर दिसतं.

नेहमी एकाच बाजूला जाताना अडतो, तर त्या बाजूची टंग रेल, तिचं टोक, तिची स्टॉक रेल बघा. दोन्ही बाजूंना अडतो, तर स्लाइड चेअर, क्लच किंवा वीजपुरवठा. सकाळी लवकर आणि फक्त थंडीत, तर संपर्कावरचं दव आणि घट्ट झालेलं जुनं ग्रीस. पावसानंतर काही तासांनी, तर केबल. मालगाडी गेल्यावर लगेच, तर सांध्याखालचं खडीचं पॅकिंग. दुपारी बारा ते चार, तर ट्रॅक सरकतोय.

डाटा लॉगरमध्ये अजून एक गोष्ट सापडते, जी पॅनलवर कुणाला दिसत नाही. गाडी सांध्यावरून जात असतानाच डिटेक्शन क्षणभर जातं आणि परत येतं. गाडी सिग्नल ओलांडून आत आलेली असल्यामुळे सिग्नल आधीच लाल झालेला असतो, कुणाचं काही अडत नाही, कुणी तक्रार करत नाही. पण तो पॉइंट आठवड्या-दोन आठवड्यांत फेल होणार हे जवळपास नक्की. अशा नोंदी शोधून आधीच गेलात तर रात्री दोनला उठायची वेळ येत नाही.

टोकाशी उकिडवं बसून

आता मशीनचं झाकण बंदच ठेवा. पी-वेच्या, म्हणजे ट्रॅक सांभाळणाऱ्या खात्याच्या, जेईंना (ज्युनियर इंजिनीअरना) किंवा निदान की-मनला (रोज ट्रॅक तपासणाऱ्या माणसाला) बरोबर घ्या, एएसएमकडून लेखी परवानगी आणि दोन गाड्यांमधला वेळ घ्या, लाल झेंडा लावून लुकआउटला माणूस उभा करा, मग टोकाशी बसा.

पहिली नजर स्लाइड चेअरवर. टंग रेल या चेअरवरून घसरत जाते. चालत्या सांध्यात प्रत्येक चेअरवर घासल्याची चकाकी दिसायला हवी. मधल्या दोन-तीन चेअरवर गंज किंवा धूळ तशीच असेल, तर टंग रेल तिथे टेकतच नाही, म्हणजे तिचं सगळं वजन बाकीच्या चेअरवर आहे. त्या अधांतरी चेअरखालचा स्लीपर खचलाय. उलट एखादीच चेअर आरशासारखी चमकतेय तर ती वर आली आहे आणि मोटर दर वेळी टंग रेलला तिथून ओढत नेतेय. अशा जागी तेल ओतल्याने चार दिवस मिळतात, तेवढेच. वर तेल, धूळ आणि कोळशाची भुकटी यांचा काळा लगदा तयार होतो, तो वेगळा. आधी खरवडून, फडक्याने पुसून काढा, मग हलका थर.

दुसरी नजर स्टॉक रेलच्या आतल्या कडेवर. हजारो चाकांखाली रुळाच्या डोक्याचं पोलाद कडेला सरकतं आणि तिथे एक बारीक ओठ तयार होतो. तर्जनी कडेखालून फिरवली की टोचतो. टंग रेल येऊन टेकते ती रुळाला नाही, या ओठाला. टोक वरून चिकटलेलं दिसतं, पण खाली फट राहते. ओळखायची सोपी युक्ती: स्टॉक रेलच्या आतल्या अंगाला खडू फासा, पॉइंट एकदा चालवा, उघडा आणि टंग रेलवर खडू कुठे लागला ते बघा. टोकापासून सलग पट्टा उमटला तर ठीक. एकाच ठिकाणी ठिपका उमटला तर तिथे ओठ आहे किंवा स्टॉक रेल वाकली आहे. उपाय ग्राइंडर, आणि तो पी-वेकडे असतो.

तिसरं म्हणजे बोल्ट. स्ट्रेचर बारचे, तो टंग रेलला जोडणाऱ्या लगचे, मशीन ज्या दोन लांब स्लीपरांवर बसवलंय त्यांचे. हाताने हलवून बघू नका, पाना लावा. १० मे २००२ ला लंडनच्या उत्तरेला पॉटर्स बार इथे धावत्या गाडीखाली सांधा हलला, शेवटचा डबा रुळावरून उडाला आणि ७ माणसं गेली. तपासात त्या सांध्याच्या स्ट्रेचर बारवरचे नट जागेवर नसल्याचं निघालं. पाना फिरवायला मिनिटभर लागतं.

चौथं, आणि दुपारच्या फेल्युअरचं मूळ बहुधा हेच: दोन्ही टंग रेलची टोकं एका रेषेत आहेत का? गुण्या लावून बघा. पोलाद दर अंशाला मीटरमागे ०.०११५ मिलिमीटर वाढतं. विदर्भात मे महिन्यात पहाटे २८ अंशांवर असलेला रूळ दुपारी ६० वर जातो. १० मीटरच्या टंग रेलचं टोक तेवढ्याने साडेतीन-चार मिलिमीटर पुढे सरकतं. दोन्ही बाजू सारख्या सरकल्या तर सांध्याला ते सोसतं. पण एका बाजूच्या क्लिपा ढिल्या, खडी कमी, आणि तो रूळ क्रीप होऊन, म्हणजे लांबीच्या दिशेने सरकून, जास्त पुढे आला, तर टोकं मागेपुढे होतात. मशीन तर स्लीपरवर जिथल्या तिथे आहे. मग रॉड तिरके ओढले जातात, आणि सकाळी खाचेत बरोबर बसणारा डिटेक्शन रॉड दुपारी हुकतो.

एका सोळा नंबरची गोष्ट

नाव नको, पण कडक उन्हाळ्याच्या पट्ट्यातलं, मालगाड्यांची रीघ असणारं स्टेशन. सोळा ‘बी’ रिव्हर्सहून नॉर्मलला येताना फेल. काटा वर जाऊन खाली येई, दिवा लुकलुकत राही. मशीन बदलून झालं, संपर्क बदलून झाले, केबल मेगर करून (तिचं इन्सुलेशन मोजून) झाली. प्रत्येक बदलानंतर पॉइंट काही दिवस चालायचा, कारण नवं मशीन बसवताना रॉड नव्याने ऍडजस्ट व्हायचे. सगळे म्हणायचे, जुनं मशीन खराब होतं.

तिथला की-मन, वयाने मोठा, सगळे त्याला मामा म्हणायचे, तो एकदा बोलून गेला, “साहेब, तुम्ही येता चार वाजता. तोवर सावली पडते इथं. याला उन्हात बघा की.” गोदामाची सावली खरंच साडेतीननंतर सांध्यावर येत होती. फोन अडीचचा, ब्लॉक मिळून हात लागेपर्यंत चार, आणि तोवर रूळ निवायला लागलेला.

मग पहाटे, ऊन यायच्या आत, दोन्ही स्टॉक रेलच्या पोटावर आणि शेजारच्या चेअरवर मिळून पांढऱ्या रंगाची एक-एक बारीक आडवी रेघ मारली. दुपारी अडीचला जाऊन पाहिलं. डावीकडची रेघ जवळजवळ अखंड. उजवीकडची मधोमध तुटलेली, रुळावरचा तुकडा चेअरवरच्या तुकड्याच्या पुढे गेलेला, करंगळीच्या नखाएवढा. त्या बाजूच्या क्लिपा पान्याच्या दोन हलक्या टोल्यांत निघून हातात आल्या. खालचे रबर पॅड झिजून कागद झालेले. उजव्या बाजूला क्रिबमध्ये, म्हणजे दोन स्लीपरांमधल्या जागेत, खडी अर्धीच, कारण पावसाळ्यात गटार साफ करताना ती उपसली होती आणि परत भरायची राहून गेली होती.

त्यानंतरचं काम रटाळ आहे. पी-वेने ब्लॉक घेऊन रूळ मागे ओढून टोकं गुण्यात आणली, पॅड आणि क्लिपा बदलल्या, खडी भरून टॅम्पिंग केलं, म्हणजे ती स्लीपरखाली ठोकून बसवली. ते सगळं संपल्यावर आम्ही मशीनला हात लावला. हा क्रम महत्त्वाचा. आधी ट्रॅक, मग ऍडजस्टमेंट. उलट केलं तर आपण वाकड्या ट्रॅकला बरोबर बसेल असं मशीन बनवतो, आणि ट्रॅक सरळ झाल्या दिवशी पॉइंट फेल होतो. मग पी-वेवाले म्हणतात, आम्ही चांगलं काम केलं आणि तुमचा पॉइंट बिघडला. हे भांडण प्रत्येक सेक्शनमध्ये ऐकायला मिळतं. खरं तर दर तीन महिन्यांनी दोन्ही खात्यांनी मिळून सांध्यांची तपासणी करायची पद्धत याचसाठी आहे. ती कागदावर होते की रुळावर, हे आपापल्या मनाला विचारा.

मशीनमध्येच दोष असेल तेव्हा

असतोच कधी कधी. व्होल्टेज मोजायचं ते मशीनच्या टर्मिनलवर आणि मोटर फिरत असताना. मोटर बंद असताना ११० व्होल्ट दाखवणारी केबल मोटर सुरू होताच बरीच खाली येऊ शकते, विशेषतः स्टेशनच्या टोकाच्या, लांबच्या पॉइंटला. संपर्क स्वच्छ करायला सँडपेपर वापरू नका, चरे पडतात आणि काजळी त्यातच बसते. नेहमीच्या सांध्याला १४३ मिलिमीटर स्ट्रोकचं मशीन लागतं आणि टंग रेल ११५ मिलिमीटर उघडते. उरलेली चाल जोडणीतल्या मोकळ्या जागेत जाते, आणि ऍडजस्टमेंट म्हणतात ती याच मोकळ्या जागेची. जाड वेबच्या (रुळाच्या मधल्या उभ्या भागाच्या) नव्या टंग रेलला २२० मिलिमीटरचं मशीन आणि १६० मिलिमीटरचं उघडणं असतं. एकाची सवय दुसऱ्यावर चालवू नका.

पावसाळ्याचं वेगळं. मुंबईत कुर्ला-शीवच्या पट्ट्यात पाणी रुळाच्या डोक्यापर्यंत येतं तेव्हा मशीन पाण्यात बुडतं आणि तिथे निदान वगैरे काही नसतं. पाणी उतरेपर्यंत पॉइंट क्लॅम्प करून एका दिशेला ठेवायचा. त्रास देतो तो बुडण्याइतका न पडणारा पाऊस. झाकणाचं गॅस्केट कडक होऊन चिरलेलं असतं, आत ओल धरते, ऊन पडलं की सुकते. अशा वेळी मशीन आणि टेल केबल ओली असतानाच मेगर करा. सुकल्यावरचं रीडिंग छान येतं आणि काही सांगत नाही. आणि वाहत आलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, दोऱ्या, थर्माकोल: टंग रेलच्या फटीत गोळा होतो तो कचरा रोज सकाळी हाताने काढण्याला पर्याय नाही.

गाडी होम सिग्नलला उभी असताना

होम सिग्नल म्हणजे स्टेशनात शिरायच्या आधीचा सिग्नल. मेंटेनर पोचेपर्यंत एएसएमनी पॉइंट दोन-तीनदा दोन्हीकडे चालवून बघणं ठीक आहे. पंधरा वेळा नाही, मोटर तापते. पॉइंट्समनला पाठवून फटीत काही अडकलंय का ते बघून घ्या. नाहीच जमलं तर क्रँक हँडलने सांधा लावून, क्लॅम्प आणि कुलूप घालून, लेखी अधिकारपत्रावर गाडी ताशी १५ किलोमीटरच्या आत आणायची. कोकण रेल्वेसारख्या, बराचसा एकेरी असलेल्या मार्गावर एका लूपचा सांधा अडला की दोन्ही दिशांच्या गाड्या थांबतात आणि कंट्रोलचा (गाड्या चालवणाऱ्या नियंत्रण कक्षाचा) फोन कानाला चिकटून बसतो. “अजून किती वेळ?” याला खरं उत्तर द्या. दहा मिनिटं म्हणून तास लावण्यापेक्षा आधीच तास सांगा, ते गाड्यांचं क्रॉसिंग दुसरीकडे नेतील.

त्या दडपणाखाली एक गोष्ट कधीही करायची नाही: रिले रूममध्ये किंवा लोकेशन बॉक्समध्ये (रुळालगतच्या वायरिंगच्या पेटीत) तारेचा तुकडा लावून डिटेक्शन ‘आणून देणं’. तसंच डिस्कनेक्शन मेमो (यंत्रणा कामासाठी बंद केल्याची लेखी सूचना) न देता वायरिंगला हात लावणं, आणि काम संपल्यावर पॅनलवरचा दिवा आणि जागेवरचा सांधा प्रत्यक्ष ताडून न बघता रीकनेक्शन देणं, म्हणजे यंत्रणा पुन्हा चालू झाल्याचं लिहून देणं. २ जून २०२३ ला ओडिशातल्या बहानगा बाजार स्टेशनात कोरोमंडल एक्स्प्रेसला मेन लाइनचा सिग्नल मिळाला होता आणि सांधा लूपकडे लागलेला होता. लूपवर मालगाडी उभी होती. २९० हून जास्त माणसं गेली. सिग्नलच्या सर्किटमध्ये आधी केलेल्या बदलातल्या आणि फाटकाच्या कामाच्या वेळच्या त्रुटी हे कारण सरकारने संसदेत सांगितलं. तिथे सांधा फेल दाखवला गेला असता तर फार तर गाडी होम सिग्नलला खोळंबली असती.

डिटेक्शनची खाच कानसीने ‘थोडीशी’ मोठी करणं हाही त्याच जातीचा प्रकार. फेल्युअर थांबतात, नक्की थांबतात. ५ मिलिमीटरची पट्टी घालून बघा, दिवा स्थिर येईल. म्हणून दुसऱ्याच्या सेक्शनचा चार्ज घेताना, ‘हा पॉइंट कधीच फेल होत नाही’ असं सांगितलं जाईल त्या पॉइंटची ऑब्स्ट्रक्शन टेस्ट मी सगळ्यात आधी घेतो.

ओके कधी लिहायचं

दुरुस्तीनंतर पॉइंट दोनदा चालला याला ओके म्हणू नका. ज्या वेळी तो फेल व्हायचा त्याच वेळी, दुपारचा असेल तर भर दुपारी, जाऊन बघा. दोन्ही दिशांचा करंट, क्लच घसरतानाचा करंट आणि पूर्ण फेऱ्याला लागणारे सेकंद मशीनच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तारखेसकट लिहून ठेवा. पुढच्या महिन्यात हेच आकडे घ्या. नॉर्मलकडे जातानाचा करंट हळूहळू चढत असेल आणि रिव्हर्सकडचा तसाच असेल, तर त्या बाजूला पुन्हा काहीतरी घासतंय आणि फोन यायला अजून वेळ आहे.

आणि रजिस्टरमध्ये ‘ऍडजस्ट केला’ असं लिहू नका. काय हलवलं, किती सूत, कुठल्या बाजूला, आणि त्या वेळी रुळाचं तापमान किती होतं ते लिहा. पी-वेचं काम बाकी असेल तर तेही त्याच ओळीत, आणि त्यांच्या जेईंची सही घ्या.